केशरबाईंची काळी भिंत

चिंचदऱ्याच्या एसटी थांब्यासमोरच्या भिंतीवर एक बिबट्या काढायचा, एवढंच काम होतं. पंचायतीला वरून पत्र आलं होतं की बिबट्याबाबत जनजागृती करावी; आणि जागृती म्हणजे भिंत रंगवणं, हे आता आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. स्वच्छतेची जागृती झाली होती, पाणी वाचवायची झाली होती, झाडं लावायची झाली होती. गावातल्या भिंती इतक्या जागृत होत्या की त्यांच्याकडे बघून माणसांना झोप यायची.

पत्र आलं ते सरपंच उज्ज्वलाताईंच्या नावे. उज्ज्वलाताई सही करत. सरपंचपदाचं बाकी सगळं त्यांचे यजमान बाळासाहेब सांभाळत. ते हायस्कूलमध्ये आले आणि चित्रकलेच्या गोरख सरांना म्हणाले, "सर, एक वाघ काढून द्या. जबडा मोठा उघडा ठेवा. खाली धा-बारा सूचना टाका. आन एका कोपऱ्यात जागा सोडा."

"जागा कशाला?"

"ऱ्हाऊ द्या. जागा लागतीच."

इथं दुसरा एखादा शिक्षक असता तर त्याने मिशा असलेलं मोठं मांजर काढून दोन दिवसांत काम हातावेगळं केलं असतं. गोरख सरांनीही गेली बावीस वर्षं तेच केलं होतं. शाळेची प्रमाणपत्रं त्यांच्या अक्षरात, फळ्यावरचा सुविचार त्यांच्या अक्षरात, स्नेहसंमेलनाचा पडदा त्यांचा. मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नातला 'शुभविवाह'सुद्धा थर्माकोलमधून त्यांनीच कोरलेला. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते पुण्याला कलाशिक्षकांच्या दोन दिवसांच्या शिबिराला गेले आणि तिथे त्यांना बाधा झाली. शिबिरात एक लांब केसांचे पाहुणे आले होते. ते म्हणाले, "चित्रातला भाव गडद आणि उजळ यांच्या भांडणातून येतो. तुम्ही भांडण लावत नाही, तुम्ही समझोता करता, म्हणून तुमची चित्रं मेलेली असतात." पुढे म्हणाले, "आणि अक्षर म्हणजे चित्राखालची पाटी नव्हे. अक्षर हाही रंगच आहे. जपून लावा." बाकीचे शिक्षक जेवणात गुलाबजाम आहे की नाही याच्या चौकशीत होते. गोरख सरांनी मात्र ती दोन वाक्यं वहीत लिहून घेतली, खाली दोन रेघा ओढल्या आणि तेव्हापासून ते योग्य भिंतीच्या शोधात होते.

बाळासाहेब येऊन गेले त्या संध्याकाळी मंचरच्या घरी परतल्यावर त्यांनी बायकोला बेत सांगितला. वैजयंतीबाई आरोग्य केंद्रात परिचारिका. त्या मेथी निवडत होत्या.

"अख्खी भिंत काळी," सर म्हणाले. "उजवीकडे खाली दोन पिवळे डोळे. आणि डावीकडे वर, बारीक पांढऱ्या अक्षरांत, एकच शब्द. 'आहे.'"

"काय आहे?"

"तेच तर."

"अहो, पण काय आहे ते लिहाल ना?"

"ते लिहिलं की भीती जाते. माणूस काळोखात बघतो, त्याला काही दिसत नाही, आणि तेवढ्यात कळतं की आहे."

वैजयंतीबाईंनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "आमच्याकडेही पेशंटला काय झालंय ते सांगितलं नाही की तो असाच घाबरतो. पण त्याला कुणी कला म्हणत नाही."

शेजारचे दादाभाऊ कुंपणापलीकडून ऐकत होते. दादाभाऊ एसटीचे निवृत्त कंडक्टर. निवृत्तीनंतर त्यांचं तिकीट फाडणं थांबलं, सल्ला फाडणं वाढलं. ते म्हणाले, "सर, राग मानू नका. गाडीच्या पाटीवर नुसतं 'जाते' लिहिलं, कुठं जाते ते लिहिलंच न्हाई, तर त्या गाडीत बसंल कोण?"

"दादाभाऊ, हे चित्र आहे. गाडी नाही."

"चित्र आहे म्हणता, आन त्यात वाघ न्हाई."

"वाघ अंधारात आहे."

"मग मी बी रंगवू शकतो की. मी तर अख्खी सर्कस रंगवीन."

सर घरात गेले. ज्याने आयुष्यभर माणसं मोजली त्याला रिकामी जागा कशी समजणार, असा उदार विचार त्यांनी केला. पण जेवताना त्यांना दोनदा ठसका लागला.

भिंत होती केशरबाईंची. केशरबाई सत्तरीच्या, घर रस्त्याला लागून, मागच्या दाराशी ऊस. थांब्यासमोरची त्यांची भिंत नुकतीच गिलावा होऊन गुळगुळीत झाली होती, आणि तिच्यासाठी सर मनातल्या मनात कासावीस होते.

"काळी?" केशरबाई म्हणाल्या.

"काळी नाही आजी. गडद."

"गडद म्हंजी काळीच न्हवं का?"

सरांनी गिलाव्यावरून हात फिरवला.

"उन्हाळ्यात घराचा तवा व्हईल, मास्तर. भाकर भित्तीलाच थापावी लागंल."

सरांनी त्यांना गडद-उजळ समजावायला घेतलं. चुलीतला कोळसा आणला, पाटीवर घासला, वर चुन्याचे दोन ठिपके दिले. केशरबाई बराच वेळ पाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गेल्या साली माझी शेळी नेली तवा मी बॅटरी मारली व्हती. असंच दिसलं. अंग न्हाई, शेपूट न्हाई. नुसते डोळे." त्यांनी पाटी परत दिली. "काढा. पर ती खुंटी ऱ्हाऊ द्या. माझी पिशवी आसती तिच्यावर."

खुंटी नेमकी भिंतीच्या मध्यावर होती. शिबिरातल्या पाहुण्यांनी खुंटीबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपलं चित्र काढायच्या आधी ओळखलं, या आनंदात सरांनी खुंटी मान्य केली.

आता राहिले ग्रामसेवक. गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांकडे भिंतीचा छापील नमुना होता. त्यात 'वापरलेले रंग (किमान चार)' असा एक रकाना आणि 'संदेशांची संख्या (किमान पाच)' असा दुसरा.

"रंग तीनच आहेत," सर म्हणाले. "काळा, पिवळा, पांढरा."

"काळा दोनदा लिहू. गडद काळा आन फिकट काळा." भाऊसाहेब माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त रकाना रिकामा बघवत नसे. "संदेश?"

"एक."

"पाच लागतात सर."

"एकच शब्द आहे. 'आहे.'"

भाऊसाहेबांनी पेन गालाला लावून विचार केला आणि लिहिलं: 'आहे (व इतर)'.

रंगकाम तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी भिंत काळी होताना बघून थांब्यावरची माणसं एवढंच म्हणाली, की केशरबाईच्या भिंतीला ओल आलीय, मास्तर डांबर मारत्यात. दुसऱ्या दिवशी शंका आली, की शाळेचा नवा फळा इथं होतोय. रस्त्यावर शाळा भरवायची म्हणजे सरकारचं काही खरं नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी डोळे काढले. पिवळा नुसता नाही; कडेला किंचित हिरवट, मध्ये उभी काळी रेघ, आणि एका डोळ्यात तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. मग शिडीवर चढून वर डावीकडे 'आहे' लिहिलं. पूर्णविराम दिला.

आणि ते चित्र लागू पडलं. सरांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत लागू पडलेलं ते पहिलंच चित्र.

दुसऱ्या दिवसापासून थांब्यावर कुणी उभं राहीना. माणसं पन्नास पावलं पुढे, पिठाच्या गिरणीपाशी उभी राहू लागली, आणि ड्रायव्हरही मुकाट्याने गाडी तिथेच थांबवू लागला. समोरच्या पारावर बसणारी म्हातारी मंडळी पाठ करून बसायची, ती तोंड करून बसू लागली. पाठीला डोळे टोचतात म्हणाली. शेळ्या भिंतीपाशी येऊन अडायच्या. पण खरी गोष्ट वेगळीच होती. उसातल्या पायवाटेनं शाळेत जाणारी पोरं, जी एरवी एकेकटी, चिंचा पाडत, मागेपुढे रेंगाळत जायची, ती आता घोळक्यानं जाऊ लागली. गवताला जाणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारून निघू लागल्या. संध्याकाळी माणसं हातात बॅटरी घेऊनच बाहेर पडू लागली. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. भिंत फक्त म्हणाली होती, आहे.

गोरख सर रोज शाळा सुटली की गिरणीशेजारच्या हॉटेलात चहा घेत बसत. लोक चित्राला शिव्या देत, आणि सर त्या शिव्या बशीत ओतून फुंकर मारून पीत. "लई घाण चित्र हाय राव," एक जण म्हणाला, "रातच्याला डोळ्यांपुढून जात न्हाई." सरांनी त्याच्या चहाचे पैसे दिले.

विघ्न आलं ते भाऊसाहेबांच्या मोबाइलमधून. काम झाल्याचा फोटो सरकारी अॅपवर चढवायचा होता. भाऊसाहेबांनी फोटो काढला. अॅप म्हणालं, 'फोटो अस्पष्ट आहे. कृपया प्रकाशात काढा.' त्यांनी भर दुपारी काढला. अॅप म्हणालं, 'फोटो अंधारात आहे.' मग त्यांनी सरांनाच भिंतीजवळ उभं केलं, अंगात पांढरा सदरा, हातात ट्यूबलाइट. अॅप म्हणालं, 'छायाचित्रात चित्र आढळले नाही.' सर दुखावले. माणसांनी चित्र नाकारावं हे त्यांनी शिबिरातच गृहीत धरलं होतं; पण यंत्राचं मत त्यांना लागलं.

तेवढ्यात दुसऱ्या एकाचा फोटो मात्र उत्तम निघाला. गोकुळ दुधाची गाडी चालवायचा. दिवस मावळताना त्यानं चालत्या गाडीतून भिंतीचा फोटो काढला. त्यात भिंत दिसत नव्हती, घर दिसत नव्हतं. काळोख आणि दोन डोळे. त्यानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'चिंचदरे थांबा. आत्ता.' तो चेष्टेत म्हणाला की खऱ्यानं, हे पुढे पंचनाम्यातही स्पष्ट झालं नाही. फोटो मंचरला गेला, मंचरहून नारायणगावला, तिथून जुन्नरला. अर्ध्या तासात तो वैजयंतीबाईंना त्यांच्या बहिणीकडून आला. खाली लिहिलं होतं, 'भाऊजींच्या शाळेजवळ आहे म्हणे, त्यांना घरातच ठेव.' भाऊजी त्या वेळी घरातच होते. त्यांनी फोटो पाहिला आणि त्यांना पहिल्यांदा वाटलं ते असं, की रचना चांगली साधलीय.

दुसऱ्या दिवशी दुपारी वनखात्याची गाडी पिंजरा, जाळी आणि सात माणसं घेऊन चिंचदऱ्यात आली. मागोमाग आसपासच्या चार वाड्यांची माणसं आली. बिबट्या आहे म्हटल्यावर लांब राहायचं, हे ज्यांना कळावं म्हणून भिंत रंगवली होती तीच सगळी, पोराबाळांसकट, अगदी पुढे. वनपाल तेजस्विनी मॅडम गाडीतून उतरल्या आणि भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे कुणी काढलं?"

बाळासाहेबांनी लगेच सरांकडे बोट दाखवलं. जिथे बोट दाखवायचं असतं तिथे त्यांचं बोट फार तत्पर असे.

"सर," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "आम्ही या पट्ट्यात इतकी पत्रकं वाटली. लोकांनी त्यात शेंगदाणे बांधले. तुमचा शब्द सगळ्यांनी वाचलाय." मग त्यांनी घड्याळ बघितलं. "पण कॉल आलाय, गाडी निघालीय. पंचनामा करणं भाग आहे."

पंचनामा झाला. पंच म्हणून गोकुळ आणि भाऊसाहेब. त्यातला मजकूर सरांना पुढे पाठ झाला. 'सदर भिंतीची पाहणी केली असता तीवर पिवळ्या रंगाचे डोळे, नग दोन, मिळून आले. शरीर मिळून आले नाही. डोळ्यांनी कोणावरही हल्ला केल्याचे अथवा पळून जाण्याचा प्रयत्न केल्याचे दिसून आले नाही. मध्यभागी खुंटीस कापडी पिशवी, नग एक, तीत कोथिंबीर.' सरांच्या कलाकृतीचं ते पहिलं आणि शेवटचं लेखी रसग्रहण.

पिंजरा रिकामा परत गेला याचा गावाला भयंकर राग आला. बिबट्या नव्हता याचं समाधान कुणालाच नव्हतं. बाळासाहेबांनी ग्रामसभा बोलावली. विषय एकच: भिंत.

आधी मुख्याध्यापक उठले. ते मराठी शिकवत. "वाक्य अपुरं आहे," ते म्हणाले. "क्रियापद आहे, कर्ता नाही. आमच्या शिक्षकाने गावाच्या दर्शनी भागात अपुरं वाक्य लिहावं ही शाळेच्या दृष्टीने लाजिरवाणी बाब आहे." म्हणून ठरलं: 'बिबट्या आहे.'

मग कुणीतरी म्हणालं, नुसतं 'बिबट्या आहे' म्हटलं तर गावात पोरी द्यायला कोण तयार होईल? संदेश चांगला पाहिजे. म्हणून ठरलं: 'बिबट्या आहे. घाबरू नका.'

"पण घाबरावं म्हणून तर ते चित्र आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला. "माणूस घाबरला की सावध होतो. काळ्यामुळे पिवळं दिसतं. पिवळ्यामुळे काळं आणखी काळं होतं. त्यात एक शब्द टाकला की तो ऐकू येतो. दहा टाकले की नुसती कालवाकालव. इथं बसलेल्यांपैकी कुणाला गेल्या साली रंगवलेल्या भिंतीवरचा एक तरी शब्द आठवतोय का?"

गेल्या साली कोणती भिंत रंगवली होती हेच कुणाला आठवेना.

बाळासाहेब उठले. ते नेहमी शेवटी उठत. "सरांची कला मोठी हाय," ते म्हणाले, "पर सर, लोकांना नुसती भीती घालून भागत न्हाई. भीती कुणाच्या सौजन्यानं हाय ते कळाया पाहिजे."

यावर टाळ्या पडल्या.

सरांनी काम नाकारायचं ठरवलं. घरी येऊन तसं पत्रही लिहिलं, सुंदर अक्षरात. पण शाळा ज्या संस्थेची होती तिच्या कार्यकारिणीवर बाळासाहेब होते, आणि मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून पाणी दिलं. मुख्याध्यापक पाणी देतात तेव्हा काय समजायचं ते शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनी पत्र खिशातच ठेवलं. वैजयंतीबाईंनी तीन दिवसांनी सदरा धुतला तेव्हा त्याचा लगदा निघाला.

मग नावं आली. आधी सरपंच, उपसरपंच आणि सात सदस्य. मग तरुण मंडळाचे सहा जण. तरुण मंडळाचं नाव आलं म्हणून त्यातून फुटलेल्या दुसऱ्या तरुण मंडळाचे पाच. दूध डेअरी. दूध डेअरीखाली 'शुभेच्छुक' म्हणून तेरा जण.

"शुभेच्छा कुणाला आहेत पण?" सरांनी विचारलं. "बिबट्याला?"

"सगळ्यांनाच," बाळासाहेब म्हणाले. "आता मधी माझा फोटो काढा. हात जोडल्याला."

सरांनी तो काढला. वीस नावं लिहून झाल्यावर माणसाच्या हाताला स्वतःचं असं मत राहत नाही. नावं पांढऱ्या रंगात, हुद्दे तांबड्यात, बाळासाहेब गुलाबी गोलात. काळं हळूहळू बुजत गेलं. शेवटी उपसरपंचांच्या फोटोला जागा कमी पडली, तेव्हा भाऊसाहेब संकोचत म्हणाले, "सर, ते डोळे आता कशाला? उगाच जागा धरून बसल्यात." सरांनी पांढऱ्याचा डबा उघडला आणि एकेक करून दोन्ही डोळे मिटवले. त्या वेळी खुंटीवरची पिशवीसुद्धा त्यांना जवळची वाटली.

भिंत पूर्ण झाली. बिबट्याच्या जागृतीच्या त्या भिंतीवर चौतीस माणसं होती आणि बिबट्या नव्हता. 'बिबट्या आहे. घाबरू नका.' हा मजकूर सरकत सरकत नेमका बाळासाहेबांच्या फोटोखाली आला होता. हे गावात सगळ्यांच्या लक्षात आलं. बाळासाहेबांच्या आलं नाही, आणि त्यांच्या लक्षात आणून द्यायला बाकीच्या तेहतिसांपैकी कुणी धजलं नाही.

अॅपने फोटो एका फटक्यात घेतला. महिन्याभराने तालुक्यात भिंतींची स्पर्धा झाली आणि चिंचदऱ्याच्या भिंतीला 'सर्वाधिक माहितीपूर्ण' म्हणून पहिला क्रमांक मिळाला. ढाल बाळासाहेबांनी घेतली. सरांना श्रीफळ मिळालं. चित्राखाली आपली सही नको, असं सर सुरुवातीपासून सांगत होते. खरी कला निनावी असते, हेही त्यांनी वैजयंतीबाईंना ऐकवलं होतं. तरी बक्षीस मिळालं त्या दिवशी ते भिंतीपाशी गेले आणि शुद्धलेखन तपासतोय असं दाखवत यादी वरपासून खालपर्यंत तीनदा वाचून काढली. त्यांचं नाव कुणी घातलं नव्हतं. घालायचं तर त्यांनाच घालावं लागलं असतं, कारण बाकी सगळ्यांची त्यांनीच घातली होती.

केशरबाई दारात बसून हे बघत होत्या.

"शोधताय काय मास्तर?"

"काही नाही. वेलांटी बघत होतो."

"घर थंड पडलं माझं. तेवढं बरं झालं." त्यांनी पाय लांब केले. "पर पोरं पुन्यांदा एकेकटी जाया लागली बघा. काल ती अंगणवाडीवाल्या बाईची पोरगी चिंचा खात उसातनं एकटी आली. मी इचारलं, भ्या न्हाई वाटत? तर म्हणती, भित्तीवर लिव्हलंय की, घाबरू नका."

सर खाली बसले. गेल्या दोन महिन्यांत त्यांच्या कलेचा, अक्षराचा, पदाचा आणि सदऱ्याचा अपमान झाला होता, आणि प्रत्येक अपमान त्यांनी रंगवून, खुलवून घरी सांगितला होता. हे सांगता येण्यासारखं नव्हतं. तो 'घाबरू नका' त्यांच्याच हातचा होता. अक्षर सुबक आलं होतं.

"माझं मागलं अंग बघितलंय का कधी?" केशरबाईंनी विचारलं.

सर दचकले.

"घराचं म्हन्ते मी. मागली भित्त. पायवाट तिथनंच जाती. तिकडं रस्ता न्हाई, गाडी न्हाई, फोटू काढाया कुणी येत न्हाई. तिथं नाव लिवून कुणाला काय मिळणार? काढा तिथं तुमचं काय ते. सावली आसती दिसभर, तापायचं न्हाई."

सरांनी मागे जाऊन भिंत पाहिली. ती जुनी, मातीनं लिंपलेली, ओबडधोबड. समोर चार हातांवर ऊस. मधून जेमतेम एका माणसाची वाट. नमुना नव्हता, रकाना नव्हता, खुंटीसुद्धा नव्हती.

रविवारी ते उरलेला काळा घेऊन एकटेच आले. सगळी भिंत नाही रंगवली. वाटेच्या वळणावर, माणसाच्या कमरेच्या उंचीला, जिथे उसाची सावली पडते तिथेच काळोख दाट केला आणि तो कडेला सावलीत मिसळून दिला, की भिंत कुठे संपते आणि ऊस कुठे सुरू होतो ते कळू नये. डोळे बाहेर डोकावणारे न काढता आत दबलेले काढले. शब्दासाठी मात्र त्यांना दुपार लागली. 'आहे' लिहायला हात गेला नाही. त्या शब्दाची आता लाज निघाली होती. शेवटी वळण घेणाऱ्या माणसाच्या अगदी कानाशी येईल अशा जागी त्यांनी पांढऱ्यात बारीक लिहिलं:

'एकटेच?'

केशरबाईंना वाचता फारसं येत नव्हतं. त्यांनी विचारलं, सरांनी वाचून दाखवलं. त्या मान हलवून म्हणाल्या, "ह्ये बरोबर हाय. तो बी ह्येच बघतो."

चार दिवसांनी सर केशरबाईंच्या मागच्या ओट्यावर चहा घेत बसले होते. दिवस कलला होता. तेवढ्यात शेतीची थ्री फेज वीज आली, आणि विहिरीवरची मोटर चालू करायला बाळासाहेब पायवाटेनं निघाले. त्यांचा गडी त्या दिवशी लग्नाला गेला होता. मोबाइल कानाला, आवाज नेहमीसारखा, ग्रामसभेचा.

"...न्हाई न्हाई, पैला नंबर. अख्ख्या तालुक्यात. आता जिल्ह्याला पाठवतोय. आवो, कल्पना माझीच, मास्तरनं नुसता ब्रश..."

ते वळणावर आले आणि बोलणं मध्येच तुटलं. मोबाइलमधून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत राहिलं. बाळासाहेब हलले नाहीत. ओट्यावरून त्यांचा एकच कान आणि अर्धा गाल दिसत होता. गाल घट्ट झाला होता. ऊस सळसळला. वाऱ्यानेच असावा.

त्यांनी हळूच मोबाइल खाली घेतला, घसा साफ केला आणि भिंतीकडे बघत, तीस वर्षांच्या राजकारणात कमावलेल्या मोकळ्या आवाजात ते म्हणाले, "न्हाई, न्हाई. मागनं येत्यात की चारपाच जण."